उपयोगिता प्रमाणपत्र

देसूरकर मॅडमचे चारही प्रस्ताव मीच टाइप केले.
पहिला शहाण्णव पानी, सात प्रती.
सातवी वाटेत कुठं भिजली कोण जाणे,
परत आली तेव्हा कोपऱ्यावर बुरशी धरलेली.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, अर्धं काम झालं बघा,
आता हिला शेवाळ भेटलं की झालं दगडफूल.

तोवर मला वाटायचं, दगडफूल म्हणजे एक जीव.
तसं नाही. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं.
एकाची बोली दुसऱ्याला येत नसणार,
तरी संसार चालतो, उघड्या दगडावर, दीडदीडशे वर्षं.
आमच्या हापिसातल्या मल्लव्वा म्हणतात कल्लुहूवु.
कल्लु म्हणजे दगड, हूवु म्हणजे फूल.
मॅडमनी दोन्ही नावं घातली होती.
तपासनिसांचा शेरा आला: एकच ठेवावे.

रकाना चौदा. समाजाला उपयोग काय?
मी आपलं लिहिलं, काळ्या मसाल्यात घालतात.
मॅडमनी खोडलं. हे ते नव्हे, त्याचं चुलत भावंड.
हे कोण खात नाही. हे नुसतं वाढतं,
आणि हवा बिघडली की सगळ्यांच्या आधी मरतं.
मग तेच लिहा की, मी म्हटलं.
तेच लिहितेय, त्या म्हणाल्या, बारा वर्षं.

तीन वर्षांअखेर अपेक्षित प्रगती:
दीड मिलिमीटर.
एखादं शून्य राहिलं काय, मी विचारलं.
नाही. वर्षाला अर्धा, तोही पाऊस बरा झाला तर.
बंगळूरला समितीपुढं त्यांना सहा मिनिटं होती,
त्यातली दोन प्रोजेक्टरनं खाल्ली.

तिसरा मंजूर झाला. खरंच.
मी पाव किलो कुंदा आणला, मल्लव्वांनी टेबल पुसलं.
मग सगळे पैशाची वाट बघत बसलो, वर्षभर.
पैसे आले एकोणतीस मार्चला, दुपारी चारला:
एकतीसच्या आत खर्च करा, नाहीतर परत.
तीसला पाडवा, एकतीसला रमजान.
टोनर घेतला. दोन रीम कागद घेतले.
बाकीचे एक लाख एक्क्याऐंशी हजार
आले तसे गेले.
नंतर छापील नमुन्यावर सही करायची होती:
रक्कम ज्या कामासाठी मिळाली
त्याच कामासाठी वापरण्यात आली.
पेन टेकवून मॅडम बराच वेळ
पंख्याकडं बघत होत्या.

निंगाप्पा त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायचा.
अकरा महिने विद्यावृत्ती नाही,
उद्यमबागेत फाउंड्रीत लागला.
सोडलं म्हणत नाही तो. सुट्टीवर आहे म्हणतो.
एका शनिवारी आला, नखांत काळं,
कारखान्यानं भंगारात काढलेला व्हर्नियर घेऊन.
मॅडम, दहावा भाग अजून बरोबर दाखवतोय.

रविवारी मीही गेलो त्यांच्याबरोबर,
कॅम्पातल्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत.
साल कोरलेला दगड म्हणजे घड्याळ, मॅडम म्हणाल्या,
आणि चपला काढून गुडघ्यावर बसल्या.
कुणी एलिझा. वय चौदा महिने. अठराशे एक्काहत्तर.
तिच्या नावावर राखाडी गोल चढलेला,
पापुद्र्यासारखा, कडेला जरा पांढरा.
ती पांढरी कड म्हणजे यंदाचं वर्ष.
निंगाप्पानं व्हर्नियर लावला, श्वास धरून,
अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार.
मी वहीत लिहिलं. माझ्या अक्षरात.
नाव झाकत चाललंय की हो, मी म्हटलं.
झाकू दे. तारीख राहिली म्हणजे झालं.

चौथा प्रस्ताव काल रवाना केला.
एक ओळ मी मॅडमना न विचारता भरली:
क्षेत्र मदतनीस, एक.
मानधन, निरंक.